मेणाचा वास, सुरम्याचे नाव

आपल्या घरांत सुरमादाणी आता क्वचितच दिसते. तरी ईदच्या सकाळी आंघोळ, नवे कपडे, डोळ्यांत सुरमा आणि कानाच्या पाळीत अत्तराचा फाया हा क्रम अजून पुष्कळांच्या अंगवळणी पडलेला आहे. त्या सुरम्याचा आणि पॅरिसच्या काचेच्या बाटलीतल्या सेंटचा काही संबंध असेल, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण संबंध आहे. तो एका शब्दातून आलेला आहे आणि त्या शब्दामागे अनेक शतकांची वाटचाल आहे.

सुरम्याला अरबीत 'कुह्ल' म्हणतात; उपपद लावले की 'अल्-कुह्ल'. सुरम्याचा खडा खलून खलून वस्त्रगाळ केला, की मग तो डोळ्यांत घालण्याजोगा होतो. अरबी वैद्यकाचे आणि किमयेचे ग्रंथ लॅटिन भाषेत गेले, तेव्हा हा शब्दही तिकडे गेला आणि तिथे त्याचा अर्थ पसरत गेला. आधी कोणतीही अतिशय बारीक पूड, मग कोणत्याही पदार्थाचे शोधून काढलेले सत्त्व. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने द्राक्षमद्याच्या सत्त्वाला 'मद्याचे अल्कोहोल' म्हटले. पुढे 'मद्याचे' हा शब्द गळाला आणि नुसते अल्कोहोल उरले. १८३५ साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अल्कोहोलमधून हायड्रोजन काढून घेतल्यावर मिळणाऱ्या द्रव्याला नाव दिले. 'हायड्रोजन काढलेले अल्कोहोल' या अर्थाच्या लॅटिन शब्दांचे तुकडे जोडून त्याने 'अल्डिहाइड' हा शब्द बनवला. त्यातला पहिला 'अल्' हे मूळचे अरबी उपपद आहे. आज अरबी भाषेतील रसायनशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द युरोपाकडून उसना घेतलेला म्हणून छापला जातो.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे. असे काही वाचले, की आपल्यातल्या काहींना लगेच हुरूप येतो: पाहा, हेही आपलेच होते. आम्हांला तो दावा करायचा नाही. सुरमा खलणाऱ्याच्या मनात अल्डिहाइड नव्हते आणि लीबिगची विद्या लीबिगची होती. मात्र 'आपले' आणि 'परके', 'शुद्ध' आणि 'बनावट' हे शब्द आपण किती सहज वापरतो, ते या द्रव्याच्या इतिहासातून नीट तपासता येते. त्यासाठीच हा लेख.

वास आणि वंश

अल्डिहाइडांचे कूळ मोठे आहे. लीबिगने नाव दिले ते दोन कार्बन अणूंचे, उग्र, झटकन उडून जाणारे द्रव्य होते. सुगंधाच्या धंद्यात महत्त्व आले ते त्याच कुळातल्या लांब साखळीच्या भाऊबंदांना. त्यांत कार्बनचे आठ ते बारा-तेरा अणू एका ओळीत असतात. सुगंधकार त्यांना अंकांनी ओळखतात: सी-१०, सी-११, सी-१२. बारा कार्बनवाल्यांत पुन्हा दोन प्रमुख. एक लॉरिक अल्डिहाइड. दुसरे मेथिल नोनिल अ‍ॅसिटाल्डिहाइड, ज्याला धंद्यात नुसते 'एम.एन.ए.' म्हणतात.

या द्रव्याची बाटली उघडून थेट नाकाशी नेली तर कुणी तिला सुगंध म्हणणार नाही. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा वास येतो. त्यात थोडी चरबी, थोडा साबण, थोडे संत्र्याचे साल. मेणबत्ती फुंकल्यावर जो पांढरा धूर उठतो, त्या वासातही याच कुळातली द्रव्ये असतात. उर्दू शायरीत शमा विझण्याचे इतके सोहळे झाले आहेत, की त्या धुराचा वास सांगायला कुणाला फुरसत झाली नसावी.

पण हेच द्रव्य शंभर पट पातळ केले, की त्याचे रूप बदलते. मेणाचा जडपणा मागे सरतो. धुऊन, खळ घालून, इस्त्री केलेल्या सुती कापडाची थंड, स्वच्छ भावना उरते. फुलांच्या मिश्रणात ते एखादा टक्का घातले, की गुलाब आणि जाई जागच्या उठून उभ्या राहिल्यासारख्या वाटतात. एकटे असताना नकोसे वाटणारे हे द्रव्य इतरांत मिसळले की सर्वांना उठाव देते. विसाव्या शतकातल्या युरोपीय सुगंधकलेचा मोठा भाग या एका गुणावर उभा राहिला.

आता त्याचा वंश पाहू. सी-१० अल्डिहाइड संत्र्याच्या सालीत असते. साल दुमडून पिचकारी उडवली, की बोटांना जो वास राहतो त्यात ते असते. लॉरिक अल्डिहाइड ज्या लॉरिक आम्लाचे भावंड आहे, ते आम्ल खोबरेल तेलातील स्निग्धांशाचा जवळजवळ निम्मा भाग व्यापते. कोकणातल्या आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या केसांना जे चोपडले, त्याच घराण्यातले हे द्रव्य. सी-११ अल्डिहाइडाचा एक प्रकार एरंडेलापासून मिळतो. एरंडेल कडक तापवून त्याचे विघटन केले, की अकरा कार्बनचे एक आम्ल हाती येते आणि त्यातून पुढे अल्डिहाइड बनवतात. जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते आणि भारतात गुजरातमध्ये. एम.एन.ए. मात्र निसर्गातून गोळा करावे असे कुठे साठलेले नाही. ते घडवावेच लागते. ज्या द्रव्यापासून ते घडवता येते, ते 'मेथिल नोनिल कीटोन' सताप या झुडपाच्या तेलात भरपूर असते. तान्ह्या मुलांसाठी घराशेजारी लावला जाणारा तो उग्र वासाचा सतापच.

अलीकडच्या संशोधनाने यात आणखी दोन गोष्टींची भर घातली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोपनहेगनमधील अभ्यासात असे दिसले, की उन्हात दोरीवर वाळवलेल्या टॉवेलांतून अल्डिहाइडे निघतात. सावलीत किंवा घरात वाळवलेल्या टॉवेलांपेक्षा त्यांचा वास निराळा असतो तो त्यामुळे. दुसरा अभ्यास २०२२ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. प्रिन्स्टनच्या संशोधकांना आढळले, की डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास माणसाला इतर प्राण्यांपासून वेगळे ओळखतो, तो मुख्यतः दहा आणि अकरा कार्बनच्या अल्डिहाइडांवरून. माणसाच्या कातडीवरच्या तेलकट थरातून ती सतत निघत असतात. म्हणजे ज्याला आपण 'विलायती केमिकल' म्हणतो, ते आपल्या प्रत्येकाच्या अंगावर आहे. डास जात-जमात विचारत नाही. त्याला माणूस म्हणून एवढी खूण पुरते.

बनावट कस्तुरीची जुनी गोष्ट

अस्सल अत्तर म्हणजे निसर्गातले आणि कृत्रिम सुगंध म्हणजे पश्चिमेने आणलेली भेसळ, अशी एक समजूत आपल्याकडे आहे. इतिहास तिला फारसा आधार देत नाही.

नवव्या शतकात बगदादमध्ये याकूब इब्न इसहाक अल्-किंदी याने सुगंधाची किमया आणि ऊर्ध्वपातन यांवर एक ग्रंथ लिहिला. हा तोच किंदी, ज्याला अरब तत्त्वज्ञ म्हणून ओळखतात. त्याच्या ग्रंथात शंभराहून अधिक कृती आहेत. कार्ल गार्बेर्स यांनी १९४८ साली लाइपझिगहून त्याचा जर्मन अनुवाद छापला, तेव्हापासून तो जगभरच्या अभ्यासकांच्या वाचनात आला. त्या कृती वाचताना लक्षात येते, की त्यांतल्या कितीतरी कस्तुरी, अंबर, केशर यांसारख्या महाग जिनसांना पर्याय कसा घडवावा याच्या आहेत. थोडी खरी वस्तू, थोडी स्वस्त वस्तू, योग्य आच आणि संयम. किंदीला त्यात शरमेसारखे काही वाटलेले दिसत नाही. तो कृती लिहून ठेवतो, लपवत नाही.

याची दुसरी बाजूही त्याच समाजात होती. बाजारावर देखरेख करणारा मुहतसिब हा अधिकारी वजने-मापे तपासत असे आणि मालही. बाराव्या शतकात शामच्या मुलखात अल्-शैझरीने मुहतसिबांसाठी जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, त्यात अत्तारांवर स्वतंत्र प्रकरण आहे. कस्तुरीत काय मिसळतात आणि ते कसे ओळखावे, हे त्यात सांगितले आहे. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. एकात पर्याय घडवण्याची विद्या आहे आणि दुसऱ्यात फसवणूक पकडण्याची. पर्याय घडवणे आणि पर्यायाला अस्सल म्हणून विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळाला ठाऊक होते. आज आपण त्या दोन्हींना एकच नाव देतो: भेसळ.

ही विद्या दख्खनपर्यंत आली होती. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह, ज्याची कारकीर्द १५८० ते १६२७ अशी झाली आणि ज्याच्या राज्यात आजच्या महाराष्ट्राचाही मोठा मुलूख होता, त्याच्या दरबारात 'इत्र-ए-नौरस शाही' नावाचा फारसी ग्रंथ सुगंधांवर लिहिला गेला. उत्तरेत जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे, की नूरजहाँच्या आईने गुलाबपाणी करताना वर तरंगणारा तेलकट थर टिपला आणि त्यातून नवे अत्तर मिळाले. मराठीत तर या विद्येचे शब्दच मुरले. अत्तर, अर्क, किमया हे शब्द आपण कोणत्या भाषेतून घेतले, हे आता कुणाला आठवतही नाही. फारसीत 'गुलाब' म्हणजे मुळात फुलाचे पाणी. मराठीने ते नाव सरळ फुलाला दिले. पेशवाईत दरबार संपताना अत्तर-गुलाब आणि पान-सुपारी होई, तेव्हा त्या शब्दांचा धर्म कुणी विचारला नाही.

पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. आपल्याकडे ही विद्या पुढे कारागिराच्या हातात राहिली आणि हातातच राहिली. कनौजचा कारागीर देग आणि भपका घेऊन पिढ्यान्‌पिढ्या तेच काम तितक्याच कसबाने करत राहिला; पण गुलाबाच्या तेलात नेमके काय आहे, हा प्रश्न विचारणारी प्रयोगशाळा त्याच्या शेजारी उभी राहिली नाही. तो प्रश्न एकोणिसाव्या शतकात युरोपात विचारला गेला.

मॉस्कोत जन्मलेले दोघे

१८६८ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन याने कुमारिन प्रयोगशाळेत बनवले. १८७४ मध्ये जर्मनीत व्हॅनिलिन बनले. १८८२ मध्ये पॅरिसच्या उबिगां या पेढीने कुमारिन घातलेला सुगंध बाजारात आणला आणि १८८९ मध्ये गेर्लें पेढीने व्हॅनिलिन असलेला 'झिकी'. सुगंधकाराच्या मेजावर फुलांच्या तेलांशेजारी प्रयोगशाळेच्या बाटल्या आल्या.

अल्डिहाइडांना वेळ लागला. लांब साखळीची अल्डिहाइडे हवेत लवकर आंबतात, त्यांचे आम्ल बनते आणि वास बिघडतो. ती शुद्ध आणि भरवशाने बनवण्याची रीत हवी होती. ती १९०४ च्या सुमारास ओग्युस्त जॉर्ज दार्झां याने दिली. कीटोनमध्ये क्लोरोअ‍ॅसिटिक एस्टर मिसळून एक मधले संयुग तयार करायचे, मग त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकायचा, की मूळ कीटोनपेक्षा एक कार्बन जास्त असलेले अल्डिहाइड मिळते. सतापाच्या तेलातल्या अकरा कार्बनच्या कीटोनपासून बारा कार्बनचे एम.एन.ए. असेच बनते. दार्झां फ्रेंच होता, पण जन्मला मॉस्कोत, १८६७ साली. पॅरिसमधल्या एल. टी. पिव्हेर या सुगंधपेढीची प्रयोगशाळा तो बरीच वर्षे सांभाळत होता. १९१२ साली उबिगांच्या रोबेर बिएनेमेने 'केल्क फ्लर' या सुगंधात एम.एन.ए. वापरले. पुष्कळ फुलांचा एकत्र वास असलेला तो सुगंध त्या मेणाच्या एका थेंबाने ताजा राहिला.

दुसरा मॉस्कोत जन्मलेला माणूस म्हणजे एर्नेस्ट बो, जन्म १८८१. त्याचेही घराणे फ्रेंच. मॉस्कोतील राले या पेढीत तो सुगंधकार झाला. रोमानोव्ह घराण्याच्या सत्तेला तीनशे वर्षे झाली त्या १९१३ साली त्याने सम्राज्ञी कॅथरीनच्या नावाने एक सुगंध केला होता. चारच वर्षांनी ते घराणे गेले, क्रांतीत पेढीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि यादवी युद्धात बो उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात क्रांतिविरोधी बाजूने सैन्यात राहिला. नंतर तो फ्रान्सच्या दक्षिणेला, ग्रासजवळ आला. उन्हाळ्यात जिथे मध्यरात्री सूर्य दिसतो तिथल्या तळ्यांना आणि नद्यांना जो अत्यंत ताजा वास येत असे, तो आपल्याला पकडायचा होता, असे त्याने पुढे सांगितले. अल्डिहाइडांनी तो काही अंशी पकडता आला.

गाब्रिएल शनेल या शिवणकलेतल्या नामांकित बाईने त्याच्याकडून सुगंध मागितला. त्याने दोन मालिकांत नमुने मांडले: १ ते ५ आणि २० ते २४. तिने पाचवा उचलला आणि १९२१ मध्ये तो 'शनेल नं. ५' याच नावाने विक्रीस ठेवला. त्यात ग्रासची जाई होती, मे महिन्यातला गुलाब होता, आणि त्यांच्यावर दहा, अकरा व बारा कार्बनच्या अल्डिहाइडांची झळाळी होती. मदतनिसाने चुकून दहापट अल्डिहाइड ओतले आणि त्यातून हा सुगंध जन्मला, अशी एक गोष्ट सांगतात. ती दंतकथा समजावी. बो या द्रव्यांशी त्याआधीच परिचित होता. त्याच्या हाताला ती रशियातच लागली होती. नंतर कितीतरी पेढ्यांनी हाच मार्ग धरला. १९२७ चा लान्व्हँचा 'आर्पेज' त्यांपैकीच. पुढे ही द्रव्ये साबणाच्या सुगंधातही इतकी शिरली, की आज अल्डिहाइडाचा वास आला की पुष्कळांना आधी साबणच आठवतो.

या सुगंधाची भाषा लक्षात घेण्याजोगी आहे. फ्रेंचांनी 'जास्मँ' म्हणून ज्या जाईचा अभिमान बाळगला, तिचे नाव फारसी 'यास्मीन'वरून आलेले. पाया फुलांचा, नाव आकड्याचे, आणि झळाळी ज्या द्रव्यांची त्यांच्या नावाच्या आरंभी अरबी उपपद. बनवणारा रशियात जन्मलेला निर्वासित. 'अस्सल फ्रेंच' म्हणून जगाने जी बाटली डोक्यावर घेतली, ती आत पाहिली तर अशी होती.

मे १९४१

आता या बाटलीच्या मालकीची गोष्ट. आमच्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे.

१९२४ साली हा सुगंध मोठ्या प्रमाणावर बनवून विकण्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली. तिचे सत्तर टक्के पिएर आणि पॉल व्हेर्थायमेर या ज्यू भावांकडे होते, कारण कारखाना आणि भांडवल त्यांचे होते. वीस टक्के तेओफिल बादेर या मध्यस्थाकडे गेले, तोही ज्यू. शनेलबाईंना दहा टक्के. पुढे विक्री वाढली तसा बाईंचा संताप वाढला. आपण फसवले गेलो, असे त्यांना वाटे आणि वर्षानुवर्षे त्यांनी वकिलांमार्फत भांडण चालवले. धंद्यातली भागीदारी आणि तिच्यातले तंटे ही काही नवलाची गोष्ट नाही. त्यात कोणाचे किती खरे होते, हे न्यायालयाने पाहावे.

पण १९४० मध्ये जर्मनांनी फ्रान्स घेतला. ज्यूंच्या मालकीचे धंदे काढून 'आर्य' माणसांच्या हाती देणारे हुकूम निघू लागले. व्हेर्थायमेर बंधू अमेरिकेला निघून गेले होते. मे १९४१ मध्ये शनेलबाईंनी अधिकाऱ्यांना लिहिले, की ही कंपनी अजून ज्यूंची मालमत्ता आहे आणि ती आपल्याला मिळाली पाहिजे. जो तंटा त्या करारावर जिंकू शकल्या नव्हत्या, तो त्यांनी वंशाच्या कायद्यावर जिंकायचा प्रयत्न केला. तो फसला. व्हेर्थायमेर बंधूंनी धोका आधीच ओळखून कंपनी फेलिक्स आमियो या ज्यू नसलेल्या विमान-उद्योजकाच्या नावावर केली होती. युद्ध संपल्यावर आमियोने ती त्यांना परत दिली. १९४७ मध्ये दोन्ही बाजूंत समेट झाला आणि १९५४ मध्ये बाईंनी पुन्हा शिवणकलेत पाऊल टाकले, तेव्हा पैसा पिएर व्हेर्थायमेरनेच घातला. आजही ती पेढी त्याच कुटुंबाकडे आहे.

ही गोष्ट वाचून आपण नुसते 'अरेरे' म्हणून पुढे जाऊ नये. नाक इतके तयार असलेली ही बाई होती. मेणाचा वास, जाई, गुलाब, सगळे एकमेकांत मिसळले तरच सुगंध बनतो, हे तिला नमुन्यांच्या रांगेतून एका हुंगण्यात कळले. तीच बाई माणसांच्या बाबतीत शुद्धतेचा कायदा हातात घेते. तिला भागीदाराशी वैर होते, हे समजू शकते. भयंकर गोष्ट ही, की राज्याने त्या वैराला एक तयार हत्यार देऊन ठेवले होते. शेजाऱ्याशी हिशेब चुकता करायला त्याच्या वंशाकडे बोट दाखवले की पुरे, अशी सोय कायद्याने केली, की वर्षानुवर्षांचा व्यवहार, सह्या, करार सगळे एका शब्दापुढे फिके पडते. अल्पसंख्य म्हणून जगणाऱ्या कोणत्याही समाजाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आणि म्हणूनच शुद्धतेचे शब्द आपण स्वतः वापरतो तेव्हाही जपून वापरले पाहिजेत, असे आम्हांला वाटते.

'अल्कोहोल-फ्री' म्हणजे काय?

आपल्या बाजारात येऊ. मुंबईतल्या महंमद अली रोडपासून लहान शहरांतल्या मशिदीबाहेरच्या गाड्यांपर्यंत अत्तराच्या चिमुकल्या कुप्या मिळतात आणि पुष्कळांवर 'अल्कोहोल-फ्री' असे लिहिलेले असते. मद्यार्क असलेला सेंट लावावा की नाही, याबद्दल उलेमांत मतभेद आहेत. तो प्रश्न त्यांचा. आम्ही इथे मसला सांगायला बसलेलो नाही. ज्याला जे योग्य वाटते त्याने ते करावे. मात्र शब्दाचा अर्थ नीट माहीत असावा.

कुपीवरच्या त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की तिच्यात इथाइल अल्कोहोल, म्हणजे मद्यात असते ते, नाही. रसायनशास्त्राच्या भाषेत अल्कोहोल हे मोठे कूळ आहे. चंदनाच्या तेलाचा प्राण असलेले सॅन्टालोल हे अल्कोहोल आहे. गुलाबाच्या अत्तरातले जिरॅनिऑल आणि फिनाइल इथाइल अल्कोहोल हीही अल्कोहोलच. त्यांनी नशा येत नाही आणि दारूशी त्यांचा व्यवहारात काही संबंध नाही. पण ज्या शब्दाने आपण दचकतो, तो शब्द आपल्याच सुरमादाणीतून निघून, जग फिरून, गुलाबाच्या तेलात परत आलेला आहे. तेव्हा नुसत्या शब्दाने दचकण्यात अर्थ नाही.

कुपीतले दुसरे सत्य अधिक महत्त्वाचे. जुन्या रीतीत फुलांची वाफ चंदनाच्या तेलात उतरवीत. चंदन महाग झाले आणि मिळेनासे झाले, तसे त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन आणि तत्सम स्वस्त, वासहीन द्रवे आली. त्यांत प्रयोगशाळेतले सुगंध मिसळले, की 'गुलाब', 'खस', 'ऊद' सगळे तयार होते. त्या मिश्रणांत अल्डिहाइडेही असतात. कितीतरी परदेशी सेंटच्या नकला 'अत्तर' या नावाने विकल्या जातात, मग त्या सेंटमधली मेणाची झळाळी त्यांतून कशी वगळता येईल? गिऱ्हाईक 'शुद्ध, अल्कोहोल-फ्री' म्हणून ती कुपी घेते आणि अंगाला लावते.

यात कृत्रिम द्रव्य वापरले, हा दोष आम्ही मानत नाही. किंदीने पर्याय लिहून ठेवले, बोने पर्याय वापरून नवे काही घडवले. गरिबाच्या ईदला दहा-वीस रुपयांचा सुगंध मिळतो तो या द्रव्यांमुळेच. अस्सल गुलाबाचे अत्तर त्याच्या आवाक्यात कधीच नव्हते. दोष आहे तो कुपीवर न लिहिण्यात. काही द्रव्ये काहींच्या कातडीला सोसत नाहीत. ज्याला खाज सुटते त्याला आपण काय लावले हे कळण्याचा हक्क आहे. अल्-शैझरीचा मुहतसिब आज बाजारात आला असता, तर कृत्रिम सुगंध विकणाऱ्याला त्याने बहुधा एवढेच विचारले असते: तू याला काय म्हणून विकतोस?

आणि आणखी एक प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. अत्तराचे दुकान असलेली कितीतरी घराणी आपल्यात आहेत. त्या घरांतली मुले नाकाने शंभर वास ओळखतात. त्यांतली किती मुले-मुली रसायनशास्त्र शिकून प्रयोगशाळेत गेली? सुरम्याचा शब्द युरोपात गेला आणि अल्डिहाइड होऊन आला, याचा अभिमान बाळगून काही हाती लागणार नाही. शब्द गेला तेव्हा त्याच्यासोबत प्रश्न विचारण्याची सवयही गेली की काय, हे तपासण्यासारखे आहे. एरंडी आपल्या देशात, खोबरे आपल्या कोकणात, सताप आपल्या अंगणात आणि अत्तराचा गल्ला आपल्या हाताखाली असताना बाटलीत काय आहे हे आपल्याला दुसऱ्या कुणी सांगावे, ही स्थिती आपणच बदलू शकतो.

सुगंधकाराच्या मेजावर मेणाच्या वासाची ती बाटली आजही असते. ती घट्ट बंद ठेवतात, कारण हवा लागली की ती आंबते. ती नेहमी पातळ करून वापरतात. शुद्ध स्वरूपात ती कुणी अंगाला लावत नाही, तिचे काम इतरांत मिसळल्यावरच सुरू होते. इतके साधे ज्ञान सुगंधाच्या धंद्याला शंभर वर्षांपासून आहे. माणसांच्या वस्त्या, भाषा आणि धंदे 'शुद्ध' करायला निघालेल्यांपर्यंत ते अजून पोचायचे आहे. आणि आपल्यातही कुणी तशा घाईत असेल, तर त्याच्यापर्यंतही.